तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीला बॅटरी कुठली घालू?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सगळ्यात जुनी गाडी माझी. 2003 सालची मारुती 800, बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरला, आरटीओत नेऊन दाखवली, पाच वर्षांनी पुन्हा तेच केलं. दिसायला काही खास नाही, पण पहिल्या सेल्फला सुरू होते आणि तेवढीच तिची ख्याती. त्यामुळे दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मला जिन्यात गाठतं. "अहो, आमच्या सँट्रोची बॅटरी बसली परत. जुनी गाडी आहे, टिकणारी हवी. कुठली घालू?"

त्यांना एक नाव हवं असतं. मी उलट विचारते, "आधीची किती चालली?" चार-पाच वर्षं चालली असेल तर तीच पुन्हा घाला आणि वर चहाला या. पुण्याच्या उन्हात तेवढी चालली म्हणजे तिनं आपलं काम केलं. पण दोन वर्षांच्या आत गेली असेल, तर नवी इतक्यात घेऊ नका.

हे मी पैसे घालवून शिकले. बाबा बँकेत होते तोवर गाडी रोज कोथरूड ते कॅम्प जायची आणि पहिली बॅटरी साडेपाच वर्षं चालली. मग ते निवृत्त झाले. त्याच सुमारास दादानं बंगळूरला जायच्या आधी हौसेनं गाडीत नवा टेप आणि अॅम्प्लिफायर बसवून घेतला. दुसरी बॅटरी वीस महिन्यांत गेली, तिसरी चौदा. दुकानदार प्रत्येक वेळी म्हणायचा, याच्यापेक्षा भारी घाला, आणि आम्ही घालायचो. गाडी आता फक्त रविवारी निघायची. रविवारी सकाळी सेल्फ मारला की कुर्र, कुर्र, कट्. मग वॉचमन, पेपरवाला आणि मी, असे तिघं मिळून उतारावरून धक्का.

शेवटी एकजण म्हणाला, नाना पेठेत दाखवा. तिथल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं बॅटरीकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी बंद केली, किल्ली माझ्या हातात दिली, दारं लावून घेतली. निगेटिव्हची तार सोडवली आणि तार आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडला. आकडा आला 0.15 अँपिअर. म्हणाला, "ताई, बॅटरी काय करेल बिचारी? नळ चालूच राहिलाय."

हिशेब तिथेच मांडला. 0.15 गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला 3.6 अँपिअर-तास. सोमवार ते रविवार जवळपास 25. आणि 800 ची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. बंद गाडीतही घड्याळ आणि टेपची मेमरी थोडं खातात. 0.02, 0.03, अगदी 0.05 पर्यंत चालतं, त्याच्या वर म्हणजे गळती. त्यानं एकेक फ्यूज काढून पाहिला. कशानंही आकडा हलेना, कारण अॅम्प्लिफायरची तार फ्यूजबॉक्समधून गेलीच नव्हती, थेट बॅटरीला जोडली होती. बाबा रोज गाडी चालवायचे तेव्हा रात्री गळलेलं सकाळी भरून निघालं असतं. आठवड्याला एकदा चालवायला लागल्यावर ते उघडं पडलं. तार किल्लीवर घेतली, दोनशे रुपये झाले. त्यानंतरची बॅटरी सहा वर्षं चालली. ती फार भारी कंपनीची होती असं नाही.

बॅटरी रिकामी झाली की नंतर चार्ज करून चालत नाही का, असं बाबांनी तेव्हा विचारलं होतं. चालतं, पण दर वेळी थोडी कमी भरते. करंट काढला की आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट धरतं, चार्जिंगला ते परत विरघळतं. दिवसेंदिवस तसंच राहिलं तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि मग ते हलत नाहीत. नळाला क्षार धरतात तसंच, फक्त इथे ते खरवडता येत नाहीत. त्या चौदा महिन्यांत आमची बॅटरी दर आठवड्याला उपाशी राहत होती.

गळती नसेल तर दुसरी गोष्ट बघायची ती डायनामो. खरं तर अल्टरनेटर, पण गॅरेजात डायनामोच म्हणतात. साधा मल्टिमीटर तीनशे-चारशे रुपयांना मिळतो, घरात असू द्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर 12.6 व्होल्ट किंवा जास्त दिसले तर ती पूर्ण भरलेली. 12.2 म्हणजे अर्धी, 12 म्हणजे जवळपास रिकामी. गाडी सुरू करून बघितलं तर 13.8 ते 14.4 हवेत. तेरापेक्षा कमी आले तर तुमची बॅटरी कधी भरतच नाहीये. पंधराला टेकले तर ती रोज उकळते आहे. दोन्हींत नवी बॅटरी म्हणजे नवा बळी. आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी जरूर बघा. वीस वर्षांच्या गाडीत ती हिरवी पडून अर्धी तुटलेली असते. सेल्फ ओढत नाही तो त्यामुळे, आणि शिव्या बॅटरीला.

हे सगळं ठीक निघालं, तर मग दुकानात जा.

दुकानात पहिला प्रश्न कंपनीचा विचारू नका, तारखेचा विचारा. बॅटरी फडताळात बसल्या बसल्याही उतरते, उन्हाळ्यात जास्तच. कधी बनली ते अंगावर कोरलेलं किंवा ठोकलेलं असतं. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, म्हणून दुकानदाराकडूनच वाचून घ्या आणि वाचताना त्याच्या बोटाकडे बघा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर घ्यावी. सहा महिन्यांची असेल तर कितीही सूट दिली तरी मी घेत नाही. बसवण्याआधी मीटर लावून बघते, 12.5 च्या खाली असेल तर दुसरी काढायला सांगते. एका दुकानदारानं मला यावरून "मॅडम, भाजी घेताय का?" असं विचारलं होतं. हो म्हटलं.

कंपनीचं म्हणाल तर, एक्साइडचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे, एसएफ सॉनिक त्यांच्याच घरची, टाटा ग्रीन रांजणगावला बनते, अमरॉन तिरुपतीहून येते. यांतली कुठलीही ताजी आणि योग्य मापाची घेतली तर फरक सांगता येईल असा मला तरी दिसलेला नाही. घराजवळ कुणाचं दुकान नीट चालतं, कोण फोन उचलतं, याला मी जास्त महत्त्व देते.

माप मात्र सांभाळा. 800 च्या बॅटरीवर 38B20L असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला 20 म्हणजे साधारण सेंटिमीटरमधली लांबी, B म्हणजे रुंदी-उंचीचा वर्ग, L म्हणजे टर्मिनलची बाजू. बाजू चुकली तर तार पोचत नाही, आणि ओढून पोचवली तर एक दिवस बॉनेटला टेकते. "मोठी घाला, जास्त टिकते" हा सल्लाही सगळीकडे मिळतो. थोडी मोठी, ट्रेमध्ये नीट बसणारी आणि क्लॅम्पनं घट्ट आवळता येणारी असेल तर हरकत नाही. हलणारी बॅटरी आमच्या रस्त्यांवर लवकर मरते. दर स्पीडब्रेकरला आतला मसाला थोडा थोडा झडतो.

बुचांची की सीलबंद? इथे माझं मत जरा जुनाट आहे. नव्या गाडीला सीलबंद छान. जुन्या गाडीत व्होल्टेजवर लक्ष ठेवणारा कटआउट म्हातारा झालेला असतो, कधी जरा जास्त व्होल्ट सोडतो, पाणी उडतं. बुचं असतील तर दर दोन महिन्यांनी उघडून बघता येतं, डिस्टिल्ड वॉटर घालता येतं. सीलबंदमध्ये ती गेल्यावरच कळतं. पाणी डिस्टिल्डच, आरओचं नाही, बाटलीतलं पिण्याचं तर नाहीच. आणि अॅसिड कधीही वरून घालायचं नाही, उडतं ते फक्त पाणी. एजीएम म्हणून एक महागडा प्रकार आहे. तो सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांसाठी. आपल्याला काय करायचाय?

दर गुरुवारी लाइट जाते म्हणून घरात इन्व्हर्टर आहे, त्याची बॅटरी तात्पुरती गाडीला चालेल का, असंही दोघांनी विचारलंय. नाही. तिच्या प्लेटा जाड असतात, तासन् तास थोडा थोडा करंट द्यायला केलेल्या. गाडीला दोन सेकंदांत शंभर-दीडशे अँपिअर लागतात, त्यासाठी पातळ आणि पुष्कळ प्लेटा हव्यात.

वॉरंटीचा आकडा बघून भुलू नका. 48 महिने लिहिलेलं असतं, पण त्यात पहिले काही महिने फुकट बदलून मिळते आणि पुढचे प्रो-राटा, म्हणजे छापील किमतीवर थोडी सूट. आणि छापील किमतीवर सूट तर तो दुकानदार एरवीही देतोच. खरा आकडा फुकटच्या महिन्यांचा. कार्डावर शिक्का, तारीख आणि गाडीचा नंबर तिथेच लिहून घ्या.

बसवल्यानंतर फारसं काही करत नाही मी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड आली की गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुते, पुसून पेट्रोलियम जेली लावते. तार काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. गावाला पंधरा दिवस जायचं असेल तर निगेटिव्ह काढूनच ठेवते, टेपचं घड्याळ चुकतं एवढंच. आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवते. नळ स्टॉपच्या सिग्नलला एसी, दिवे आणि वायपर लावून उभं राहणं म्हणजे चालवणं नव्हे, तेव्हा डायनामो जेमतेम खर्च भागवतो. रविवारी सातच्या आत खडकवासला, चहा, परत. आठनंतर तिकडेही नळ स्टॉपच झालेला असतो.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तो ती फोडतो, अॅसिड गटारात जातं. दुकानदाराला द्या. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी 2022 च्या नियमांनी कंपन्यांवर टाकली आहे, आणि आतल्या शिशाला भाव असल्यामुळे दुकानदारालाही ती हवीच असते. फक्त जुनीचे किती धरणार ते आधी ठरवा. नवी बसवून झाल्यावर विचारलंत तर तो आकडा खाली येतो.