बालकवींचा पेपर तपासताना

आमच्या शाळेत इंद्रधनुष्य दोनदा यायचं. एकदा मराठीच्या पुस्तकात बालकवींच्या कवितेतून आणि एकदा विज्ञानाच्या पुस्तकात लोलकातून. मराठीच्या बाईंनी 'अहाहा' हा शब्द कसा म्हणायचा ते शिकवलं, विज्ञानाच्या सरांनी तानापिहिनिपाजा घोकून घेतलं. दोघं एकाच शिक्षकखोलीत चहा घ्यायचे, पण ही दोन इंद्रधनुष्यं एकच आहेत, असं आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही.

पुढे मी भौतिकशास्त्र शिकलो, बरीच वर्षं शिकवलं, आणि हाताला तपासायची खोड लागली. लग्नपत्रिका आली तरी आधी शुद्धलेखन दिसतं. या खोडीतून कविता सुटणं शक्यच नव्हतं. म्हणून एका पावसाळ्यात 'श्रावणमासी' लाल पेन घेऊन वाचायला बसलो. मनात थोडी दुष्ट आशाही होती, की कुठेतरी सापडतील बालकवी.

आधी उत्तरसूची. पावसाच्या थेंबात किरण शिरताना वाकतो, मागच्या बाजूवर आपटून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. असे परतलेले किरण सगळीकडे सारखे विखुरत नाहीत, एका ठराविक कोनाला दाटी करतात. तो कोन साधारण ४२ अंशांचा. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञ-गणितज्ञाने एकेका किरणाचा मार्ग हाताने गणित करून काढला आणि १६३७ साली हे छापलं. कोन मोजायचा तो सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेपासून, म्हणजे आपल्या डोक्याची सावली जिथे पडते त्या रेषेपासून. त्यामुळे सूर्य जितका वर, तितकी कमान खाली. सूर्य ४२ अंशांच्या वर असेल तर सपाट जमिनीवरून धनुष्य दिसतच नाही. खानदेशात श्रावणातला सूर्य दुपारी जवळजवळ माथ्यावर असतो. तो पुरेसा उतरायला चार वाजतात. श्रावणात भरदुपारी ऊन-पाऊस कितीही नाचू देत, आकाशात तोरण लागत नाही.

आता उत्तरपत्रिका. 'क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे'. बरोबर. एका बाजूला पाऊस आणि पाठीमागे उघडा सूर्य, दोन्ही लागतात. दिवसभराच्या संततधारेत इंद्रधनुष्य पडत नाही. पुढे, 'वरती बघता इंद्रधनूचा गोफ दुहेरी विणलासे'. इथे मी पेन उचललं. वरती? धनुष्य वर दिसायला सूर्य अगदी खाली लागतो. नाहीतर कमान क्षितिजालगत पसरते आणि मान वर करायचं कारण उरत नाही. म्हणजे कविता संध्याकाळची असायला हवी. आणि लगेच पुढच्या कडव्यात ओळ येते: 'झालासा सूर्यास्त वाटतो, सांज अहाहा! तो उघडे'. तरुशिखरांवर आणि उंच घरांवर पिवळं ऊन. फक्त शेंड्यांवर आणि उंच घरांवर, कारण सूर्य इतका खाली आहे की बाकी सगळं सावलीत गेलंय. बाईंनी शिकवलेला 'अहाहा' नेमका सूर्याची उंची सांगणाऱ्या ओळीत निघाला.

राहिला 'दुहेरी'. काही किरण थेंबाच्या आत एकदा नव्हे, दोनदा परततात, आणि त्यांची दुसरी कमान पहिलीच्या बाहेर ५१ अंशांच्या सुमारास उमटते. फिकट, आणि रंग उलटे: आतल्या कमानीचा तांबडा बाहेरच्या कडेला, बाहेरच्या कमानीचा आतल्या कडेला, म्हणजे दोघींचे तांबडे समोरासमोर. दोहोंच्या मधलं आकाश चक्क गडद दिसतं, कारण त्या पट्ट्यातले थेंब आपल्याकडे असा प्रकाश पाठवतच नाहीत. कुणी म्हणेल, 'दुहेरी' हे गोफाचं नुसतं विशेषण आहे, त्यात एवढं काय. असेलही. पण ज्या वेळेला, ज्या उन्हात ही कविता उभी आहे, तिथे जोडधनुष्य दिसायची शक्यता चांगलीच असते. अर्धा गुण मी कापला तो 'गोफ' या शब्दापायी. गोफात पेड एकमेकांवरून जातात. या दोन कमानी कधीच एकमेकींना ओलांडत नाहीत. नंतर तोही परत दिला.

दुष्ट आशा फसली. पण तपासणी सुरू झालीच होती, म्हणून विरुद्ध पक्षाचाही पेपर काढला. १८१७ च्या डिसेंबरात लंडनला हेडन नावाच्या चित्रकाराकडे एक मेजवानी झाली. तिथे इंग्रज कवी कीट्स आणि लेखक चार्ल्स लॅम्ब यांनी ठरवून टाकलं, की न्यूटनने इंद्रधनुष्याची लोलकी रंगांत वाटणी करून त्यातली कविता मारली. मग हसतखेळत गणिताचा धिक्कार करत पेलेही उंचावले. कवी वर्ड्सवर्थ त्याच टेबलावर होता. न्यूटनला जाऊन तेव्हा नव्वद वर्षं झाली होती, त्यामुळे खुलासा करायला कुणी नव्हतं. पण न्यूटनवरचा आरोप मला उलटाच वाटतो. त्याने आधी रंग पाच मोजले होते. मग नारिंगी आणि पारवा घालून ते सात केले, कारण सप्तकात स्वर सात असतात आणि रंगांची वाटणीही तशीच सुरेल असावी असं त्याला वाटलं. वर्णपटात रंगांच्या मधे कुठे रेघा नाहीत. सात म्हणा, पाच म्हणा, मोजणाऱ्यावर आहे. थोडक्यात, इंद्रधनुष्याच्या बाबतीत खरी कविकल्पना लढवली ती भौतिकशास्त्रज्ञाने, आणि आमच्या विज्ञानाच्या सरांनी ती तानापिहिनिपाजा म्हणून पाठ करून घेतली. बालकवींनी रंग मोजलेच नाहीत. ते सावध गृहस्थ.

आमच्या गच्चीवर एकदा चांगलं ठसठशीत धनुष्य पडलं होतं. शेजारच्या काकू वाळवणं गोळा करायला वर आल्या होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, तुम्हाला दिसतंय ते तुमचं हं. मला दिसतंय ते निराळं."

"म्हणजे काय रे?"

"कमान तुमच्या डोक्याच्या सावलीभोवती आखलेली असते. माझ्या डोळ्यांत ज्या थेंबांचा तांबडा येतोय, त्यांचा तुमच्या डोळ्यांत दुसराच रंग जातोय, किंवा काहीच नाही. खरं तर डाव्या डोळ्याचं वेगळं नि उजव्याचं वेगळं."

काकूंनी कुरडयांचं ताट कडेवर घेतलं. "मग आमची मोना फोटो काढतेय, त्यातलं कोणाचं?"

इतका चांगला प्रश्न मला वर्गात कुणी विचारल्याचं आठवत नाही. फोटोतलं कॅमेऱ्याच्या भिंगाचं. आणि गच्चीवर ना काकू, ना मोना, ना मी, ना भिंग, असं असेल तर? थेंब असतात, किरण असतात, कोनही असतात, पण कमान कुठेच नसते. जिथे जाऊन हात लावावा अशी ती वस्तू नाही. केशवसुतांनी कवींच्या वतीने मोठी गर्जना केली होती: 'आम्हांला वगळा, गतप्रभ झणी होतील तारांगणे'. ताऱ्यांच्या बाबतीत हे सपशेल चूक आहे. आपल्याला वगळलं तरी तारे जळायचे तसे जळत राहतील. पण तारांगणाऐवजी इंद्रधनुष्य म्हटलं असतं, तर एकाही भौतिकशास्त्रज्ञाला हरकत घेता आली नसती. बघणाऱ्याला वगळलं की ते खरंच झणी संपतं.

बालकवी धरणगावचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' हे नाव मिळालं. त्याच जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण आहे, आणि तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठाला दिलेल्या देणग्यांची नोंद आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, १२०७ मध्ये केलेली ही सोय. भास्कराचार्यांकडे तर दोन्ही तास एकाच शिक्षकाकडे होते. ज्योतिष, म्हणजे तेव्हाचं खगोलशास्त्र, श्लोकांत लिहायचं ही तेव्हाची रीतच होती, पाठ करायला सोपं म्हणून. तरी त्यांच्या ग्रंथातल्या गोलाध्यायात, ग्रह आणि भूगोलाच्या चर्चेत, मधेच ऋतुवर्णनाचं एक प्रकरण घालायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपलं जन्मवर्षही ते सरळ आकड्यांत देत नाहीत: रस, गुण, पूर्ण, मही. सहा, तीन, शून्य, एक. उजवीकडून वाचा, शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४.

त्यांचा एक श्लोक मी वर्गात सक्तीने ऐकवायचो:

आकृष्टिशक्तिश्च मही तया यत् खस्थं गुरु स्वाभिमुखं स्वशक्त्या।
आकृष्यते तत्पततीव भाति समे समन्तात् क्व पतत्वियं खे॥

पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला वाटतं वस्तू पडते आहे. पण चहूकडे आकाश सारखंच असताना ही पृथ्वी स्वतः पडेल तरी कुठे? पहिले तीन चरण इंद्रवज्रा, चौथा उपेंद्रवज्रा, एकही मात्रा इकडची तिकडे नाही. यात गणिती नियम नाही, अंतर वाढलं की ओढ किती घटते तेही नाही, त्यामुळे 'न्यूटनच्या आधी आम्हीच' असं म्हणायला कुणी धावू नये. मला आवडतो तो शेवटचा प्रश्न. एका चरणात त्यांनी 'खाली' ही दिशाच काढून घेतली.

या प्रश्नाचं आजचं उत्तर असं, की पृथ्वी पडते आहे. सूर्याकडे. आत्ता या क्षणी सोडून दिली तर पहिल्या सेकंदात ती जेमतेम ३ मिलिमीटर सूर्याकडे सरकेल. पण त्याच सेकंदात ती सुमारे ३० किलोमीटर आडवी गेलेली असते, म्हणून पडत राहते आणि पोचत नाही. कुसुमाग्रजांच्या 'पृथ्वीचे प्रेमगीत'मधली पृथ्वी नेमकी हीच आहे. पहाटेच्या शुक्राला, लाजऱ्या लाल मंगळाला, पिंजारलेल्या धूमकेतूला नकार देते आणि सूर्यापासूनची दूरता पत्करते. मंगळाची लाली गंजलेल्या लोखंडाची, पण ते सांगून त्याला आणखी लाजवायची गरज नाही.

या पेपरात एकच जागा कोरी राहिली आहे, ती दूरतेच्या आकड्याची. ती वर्षभर सारखी नसते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे विरह सगळ्यात लांबतो तो आपल्याकडे आषाढाच्या आगेमागे. कालिदासाच्या यक्षाला रामगिरीवर ढग दिसतो तोही आषाढाच्या पहिल्या दिवशी. हा निव्वळ योगायोग आहे, त्याला गुण नाहीत.