तुम्ही विचारलंत म्हणून: ध्यानाचं पुस्तक कुठलं घेऊ?

मी ध्यानाला बसते हे ऑफिसात कळल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, 'अगं एखादं पुस्तक सांग ना, पण ते चक्रं, ऊर्जा वगैरे नको, काहीतरी लॉजिकल.' विचारणारे बहुतेक कोडिंगवाले नाहीतर सीए, म्हणजे माझ्याच पठडीतले, 'का' कळल्याशिवाय कशाला हात न लावणारे.

तर 'माइंडफुलनेस इन प्लेन इंग्लिश' घ्या. लेखक भन्ते गुणरतन, मूळचे श्रीलंकेचे भिक्खू. जुनी आवृत्ती नेटवर फुकट वाचायला मिळते.

मी स्वतः मात्र आधी घेतलं ते 'द माइंड इल्युमिनेटेड', 2015 चं, चांगलं जाडजूड, त्यात दहा टप्पे, प्रत्येक टप्प्याचं ध्येय काय, अडथळे कुठले, पुढे कधी सरकायचं सगळं आखून दिलेलं, आपल्यासारख्यांना अजून काय पाहिजे! लगेच एक्सेल शीट केली. तारीख, मिनिटं, टप्पा. तिसऱ्या आठवड्यात श्वास राहिला बाजूला आणि मी डोळे मिटून 'हा तिसरा की चौथा' याचाच हिशोब करत बसलेली, आणि आई चहा देताना विचारायची, 'आज कितवीत गं?' पुस्तक वाईट नाहीये हं. मन भरकटलंय हे लक्षात आलं की चिडायचं नाही, उलट खूश व्हायचं, हे मी तिथूनच उचललं. पण ते वर्षभराने घ्या.

भन्तेंचं का, तर त्यात अडचणींवर वेगळी प्रकरणं आहेत. पाय दुखतो, झोप येते, कंटाळा येतो, मग काय करायचं. दुकानात ध्यानाचं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की मी आधी हेच शोधते, पाय बधिर झाला तर काय हे ज्याने लिहिलं नाही तो स्वतः बसलेलाच नाही असं माझं सरळ मत आहे. आणि मोजायच्या रीती दिल्यात: श्वास घेताना छाती भरेपर्यंत मनात एक एक एक, सोडताना दोन दोन दोन. आकड्यांत रमणाऱ्या डोक्याला चघळायला काहीतरी मिळतं. मन जरा ठरलं की मोजणं सोडून द्या, असंही सांगतात ते.

'आपल्याकडे काही नाही का?' आहे की. गीतेचा सहावा अध्याय, 26 वा श्लोक, मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणा. अख्खी कृती एका श्लोकात. फक्त पायाचं काय ते नाही त्यात.

आणि इगतपुरीचं विपश्यना शिबिर? दहा दिवस काढता येत असतील तर जरूर जा, पण तिथे फोनच काय, पुस्तक-वही-पेनसुद्धा जवळ ठेवता येत नाही. आमच्यातला एकजण पुढच्या महिन्यात निघालाय, परवा मला विचारत होता बॅगेत कुठलं पुस्तक टाकू.