कुठली पोस्ट? कुठला नियम?

आकाशदर्शनाच्या एका मंचावर मी बरीच वर्षं मॉडरेटर आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मॉडरेटर म्हणजे पोस्टी उडवणारा, धागे (एकेका विषयावरच्या चर्चा) वाचनमात्र करणारा, डु आयडी (एकाच माणसाची दुसरी खाती) शोधत बसणारा. ती कामं असतातच, पण ती दोन क्लिकांत उरकतात. वेळ खातात ते व्यनि, म्हणजे सदस्यांना पाठवायचे व्यक्तिगत निरोप. तुमची अमुक पोस्ट काढली, अमुक कारणासाठी, आता तुम्हाला अमुक करता येईल. सांगायचं एवढंच असतं, आणि बहुतेक ठिकाणी तेवढंच धड सांगितलेलं नसतं.

आमच्या हाती मंच आला तेव्हा सोबत एक तयार मजकूर आला होता: 'आपल्या लेखनात मंचाच्या नियमांचा भंग झाल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सदर लेखन काढून टाकण्यात येत आहे. पुनरावृत्ती झाल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल. व्यवस्थापन.'

वाचायला भारदस्त, पण हाती काहीच लागत नाही. दिवसभरात दहा धाग्यांवर लिहिणाऱ्याने 'सदर लेखन' म्हणजे कुठलं समजायचं? नियम कितवा? योग्य ती कारवाई म्हणजे ओरडा, की आयडी बंद? या नोटिशीला ठरलेलं उत्तर यायचं, 'कुठली पोस्ट?' आणि मग जे पहिल्याच व्यनित लिहायला हवं होतं ते तीन-चार व्यनिंत, वाढत्या चिडचिडीसह लिहावं लागायचं. त्याहून वाईट म्हणजे मजकूर कायमचा जायचा. एका सदस्याने गुरूच्या उपग्रहांच्या रात्रभराच्या नोंदी लिहिल्या होत्या. कुठल्या आयपीसमधून (दुर्बिणीला डोळा लावतो ते भिंग) पाहिलं, हवा किती स्थिर होती, इओ या उपग्रहाची सावली ढगांच्या पट्ट्यावर कधी दिसली, सगळं तपशिलात. शेवटी दोन ओळी: जुनी बार्लो लेन्स विकायची आहे, इच्छुकांनी कळवावे. विक्रीला वेगळा धागा आहे, म्हणून आख्खी पोस्ट उडाली. त्याच्याकडे दुसरी प्रत नव्हती. दोन ओळींपायी रात्रभराचं काम गेल्यावर माणूस परत येत नाही, आलाच तर भांडायला येतो.

म्हणून आता आमच्याकडे पोस्ट आधी झाकली जाते, पुसली जात नाही, आणि नोटिशीखाली तिचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा चिकटवला जातो. नोटीस लिहिताना मी एवढंच धरून चालते की हा व्यनि ती पोस्ट दुरुस्त होऊन मंचावर परत यावी म्हणून लिहायचा आहे. प्रकरण बंद करण्यासाठी लिहिलेली नोटीस आणि पोस्ट परत आणण्यासाठी लिहिलेली नोटीस, दोन्हींची पहिली ओळसुद्धा वेगळी पडते.

एक नमुना देते. सूर्यग्रहणाच्या आदल्या आठवड्यात असा प्रतिसाद हमखास येतो. नोटीस अशी गेली:

'नमस्कार. सूर्यग्रहणाच्या धाग्यावरचा तुमचा आज सकाळचा प्रतिसाद सध्या झाकला आहे. अडचण या एका वाक्याची आहे: "जुनी एक्स-रे फिल्म दुहेरी करून आयपीसला लावली की सूर्य मस्त दिसतो." डोळ्यांना इजा होऊ शकेल असा सल्ला नियम ३ प्रमाणे इथे ठेवता येत नाही. एक्स-रे फिल्म सूर्य बघायला सुरक्षित नाही, आणि फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लागतो. ग्रहण लागण्या-सुटण्याच्या, म्हणजे स्पर्शाच्या, वेळा नोंदवायची तुमची पद्धत बाकीच्यांना उपयोगी पडेल, म्हणून ते वाक्य काढून प्रतिसाद संपादित करा, लगेच खुला करतो. निर्णय पटत नसेल तर इथेच उत्तर द्या, दुसरे मॉडरेटर बघतील. तुमचा पूर्ण मजकूर खाली आहे.'

यात चुकलेलं वाक्य त्यांच्याच शब्दांत आहे. 'तुमचा सूर' किंवा 'एकंदर आशय' असलं काही लिहिलं की समोरच्याला स्वतःवरच आरोप झाल्यासारखा वाटतो. वाक्य दाखवलं की बोलणं त्या वाक्यापुरतं राहतं. नियमाचा आकडा आहे, आणि नियम असा का हे एका ओळीत आहे. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे जळत असतानाही दुखत नाही, म्हणून तर 'मी असंच बघतो, काही होत नाही' असं माणूस प्रामाणिकपणे सांगतो. आयपीसपाशी सूर्याची सगळी उष्णता एकवटलेली असते, तिथला फिल्टर तडकू शकतो. हे सगळं नोटिशीत कोंबायचा मोह होतो. कोंबायचं नाही. त्यासाठी सुरक्षिततेचा धागा आहे, त्याचा दुवा पुरतो.

सूर्याच्या बाबतीत आधी झाकायचं आणि लगोलग कळवायचं, कारण मधल्या तासाभरात कोणी तसं करून बसलं तर? विक्रीच्या पोस्टीला एवढी घाई नसते. ती योग्य धाग्यावर हलवायची आणि दोन ओळी कळवायच्या. पंधरा ओळींची नोटीस छोट्या चुकीला गेली की चूक उगाच मोठी होते.

डिस्कोर्स हे मंचांचं सॉफ्टवेअर ज्यांनी वापरलंय त्यांना हा विचार ओळखीचा वाटेल. तिथे पुरेशा सदस्यांनी हरकतीची खूण केली की पोस्ट झाकली जाते, लिहिणाऱ्याला आपोआप निरोप जातो, आणि मूळ मांडणीत (सेटिंग न बदलल्यास) दहा मिनिटं थांबून त्याला ती संपादित करता येते. संपादित केली की पोस्ट पुन्हा दिसू लागते. ती दहा मिनिटं मला फार आवडतात. राग निवायला तेवढी पुरतात असं नाही, पण त्याच झटक्यात काहीतरी तिखट टंकून मोकळं होणं तरी टळतं.

विकिपीडियावर वेगळी रीत आहे. तिथे इशाऱ्यांचे साचे पायरीपायरीने चढत जातात. पहिल्या पायरीचा मजकूर तुमचा हेतू चांगलाच होता असं धरून लिहिलेला असतो, चौथी पायरी म्हणजे अखेरचा इशारा. आणि हे सगळं सदस्याच्या चर्चापानावर, चारचौघांत. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात ते लागतंच, कारण पुढचा संपादक आधीची पायरी कुठली झाली हे बघूनच पुढची लावतो. पण जुन्याजाणत्या संपादकांना साचे चिकटवू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा, असा सल्लाही इंग्रजी विकिपीडियावरच मिळतो. अगदी खरं आहे. ज्यांनी आमच्यातल्या निम्म्या लोकांना ध्रुवतारा शोधायला शिकवलं, त्यांना 'मंचावर आपले स्वागत आहे, कृपया नियम वाचा' पाठवून बघा काय होतं ते. नियम त्यांना तोच लावायचा, आकडाही तोच द्यायचा, फक्त पत्र हाताने लिहायचं.

चारचौघांत की खाजगीत, यावर मॉडरेटर मंडळात अधूनमधून जुंपते. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या चर्चास्थळावर मॉडरेटर सरळ त्या टिप्पणीखालीच लिहितात, असं लिहू नका, ही मार्गदर्शक तत्त्वं बघा. बघणाऱ्या शंभर जणांना त्यातून रीत कळते, हा फायदा मोठा आहे. लहान मंचावर मात्र त्याची चावडी होते. एकाला टोकलं की त्याचे तीन मित्र धावून येतात, धागा शुक्राच्या कलांवरून मॉडरेटरांच्या लायकीवर येतो. आम्ही मधला मार्ग काढलाय. माणसाला व्यनि, धाग्यावर नुसती एक ओळ: 'इथला एक प्रतिसाद नियम ३ मुळे झाकला आहे.' नाव नाही. ती ओळ नसली तर खालचे प्रतिसाद लोंबकळत राहतात, आणि 'काय लिहिलं होतं हो त्यांनी?' याचीच चर्चा रंगते. (भांडणं ढगाळ आठवड्यांत वाढतात, हे आता सगळ्या मॉडरेटरांना पाठ आहे. आकाश मोकळं झालं की सगळे गच्चीवर.)

सगळ्यात अवघड नोटिसा चुकीच्या विषयाच्या असतात. २०२० च्या डिसेंबरात गुरू आणि शनी एकमेकांच्या अगदी जवळ आले होते, २१ तारखेला जेमतेम एक दशांश अंशावर. १६२३ नंतर ते इतके जवळ आलेच नव्हते. त्या धाग्यावर एका बाजूला फोटो येत होते आणि दुसऱ्या बाजूला युतीची राशीनिहाय फळं. फळं लिहिणाऱ्यांना काय कळवायचं? फलज्योतिष कसं निराधार आहे याचं व्याख्यान नोटिशीत झाडलं असतं तर तो वाद झाला असता, आणि वाद घालणाऱ्याच्या हातात पोस्ट झाकायचं बटणही आहे म्हटल्यावर समोरचा बरोबरीने बोलूच शकत नाही. म्हणून लिहिलं ते एवढंच: हा धागा निरीक्षणाचा आहे, नियम १ प्रमाणे इथे फक्त काय दिसलं आणि कसं बघायचं एवढंच चालतं, युती कधी आणि कुठे दिसेल हा तुमच्या पोस्टीतला भाग ठेवायला हरकत नाही. काहींनी तो भाग ठेवला. काही निघून गेले, तेही ठीक.

न कळवता गप्प करण्याचाही एक प्रकार आहे. आयडी चालू दिसतो, माणूस लिहीत राहतो, आणि त्याचं लिहिलेलं त्याच्याखेरीज कोणालाच दिसत नाही. शॅडोबॅन. जाहिराती ओतणाऱ्या बॉटला हे बरोबर आहे, बॉटला कारण सांगितलं की तो कारण चुकवायला शिकतो. खऱ्या माणसाच्या बाबतीत मला हे सरळ फसवणूक वाटतं. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळानेही २०१५ मध्ये त्याला पर्याय म्हणून खातं निलंबित करण्याची उघड सोय आणली, निलंबन झालं की तसा निरोप जातो.

कळवण्याचा उपयोग होतो का, यावर अभ्यासही झालेत. शगुन झवेर, एमी ब्रुकमन आणि एरिक गिल्बर्ट यांनी २०१९ मध्ये रेडिटवरच्या कोट्यवधी पोस्टी तपासल्या. काढलेल्या पोस्टीचं कारण सांगितलं तर पुढच्या पोस्टी काढाव्या लागण्याची शक्यता कमी होते, असं त्यांना दिसलं. कारण माणसाने सांगितलं की बॉटने, याने विशेष फरक पडला नाही. त्याच वर्षी नेथन मटायस यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला: विज्ञानाच्या चर्चांत नियम धाग्याच्या डोक्यावरच लावून ठेवले. नवख्यांचं नियमपालन टक्केवारीत ८ अंकांहून जास्त सुधारलं, आणि नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम दाखवले की लोक बुजतात, असं म्हणणाऱ्यांना मी हे दुसरं वाक्य मुद्दाम वाचून दाखवते.

आता कायदेही यात आलेत. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याचं १७ वं कलम मजकूर काढल्यावर स्पष्ट कारण द्यायला लावतं, आणि तो कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या समाजमाध्यमांनी स्वतःहून मजकूर काढायच्या आधी वापरणाऱ्याला कारणासह कळवावं असं आहे. आमच्यासारख्या हौशी मंचाला मात्र २०१८ ची सांता क्लारा तत्त्वंच (मजकूर काढणाऱ्या कंपन्यांनी कसं वागावं यासाठी संस्था आणि अभ्यासकांनी मांडलेली) जास्त कामाची. कुठला मजकूर, कुठलं कलम, तो नजरेस कसा आला आणि दाद कशी मागायची, हे नोटिशीत असावं, आणि फेरविचार पहिला निर्णय न घेतलेल्या माणसाने करावा, एवढं त्यातून उचललं तरी पुष्कळ झालं.

'नजरेस कसा आला' इथे जपून. सदस्यांनी कळवलं की मॉडरेटरने स्वतः पाहिलं, एवढं सांगायचं. कोणी कळवलं हे मेलं तरी सांगायचं नाही, आणि तक्रार आलेली असताना 'आम्हीच पाहिलं' असं खोटंही लिहायचं नाही. व्यनि मंडळाच्या सामाईक आयडीवरून जातो, त्यामुळे उत्तर सगळ्या मॉडरेटरांना दिसतं, आणि एकीशी वाकडं आलं तरी दुसरा बोलू शकतो.

आयडी काही काळ बंद करायची वेळ आलीच तर नोटिशीत परत सुरू होण्याची तारीख लिहायची, आणि आधीच्या कुठल्या नोटिसांमुळे इथवर आलं त्यांचे दुवे द्यायचे. जुन्या नोटिसा अनंतकाळ मोजायच्या नाहीत. पीएचपीबीबी या मंचांच्या सॉफ्टवेअरमध्ये इशारा मूळ मांडणीत ९० दिवसांनी गळून पडतो, आम्हीही तेवढेच ठेवलेत. तीन वर्षांपूर्वीचं भांडण आजच्या नोटिशीत उकरून काढणाऱ्या मॉडरेटरला मी तरी मॉडरेटर म्हणणार नाही.

सध्या मंडळात चर्चा चालू आहे ती नोटिसा एखाद्या भाषायंत्राकडून (एआयकडून) लिहून घ्याव्यात का याची. विक्रीच्या पोस्टींना बॉट निरोप पाठवतो, त्याला माझी हरकत नाही. बाकीचे मसुदे मी बघितले. गोड आहेत, लांब आहेत, आपण समजून घ्याल अशी खात्री तीनदा व्यक्त करतात, आणि चुकलेलं वाक्य कुठलं हे शोधायला खालपर्यंत जावं लागतं. आठ ओळींच्या वर नोटीस नको आणि वाक्य दुसऱ्या ओळीच्या आत आलं पाहिजे, एवढ्या अटीवर प्रयोग करून बघू असं ठरलंय. सूर्याच्या नोटिसा मात्र मीच लिहिणार, हे मी आधीच सांगून टाकलंय.