कोंडाणे ते भामचंद्र पायवाट: कामाची नोंद ४

जुनी लेणी आणि तुकोबांचे डोंगर जोडणारी ही पायवाट, तिच्यासाठी वाटेवर खुणा आणि जीपीएस ट्रॅकच्या फाईली करणं चालू आहे. आखणी तीच आहे. कर्जतजवळच्या कोंदिवड्यातून निघायचं, कोंडाणे लेणी, राजमाची, कार्ले, भाजे, बेडसे, घोरावडेश्वर, देहू, भंडारा आणि शेवटी भामचंद्र. अंतर साधारण शंभर किलोमीटर, सहा दिवस. या खेपेला टप्पा ३ आणि ४ (कार्ले–भाजे–बेडसे) पक्के झाले, टप्पा ५ कागदावरून काढून टाकला आणि टप्पा ६ अजून अर्धवट आहे.

ठिकाणांची यादी कुणीही एका संध्याकाळी करू शकतं. वेळ खाल्ला तो दोन ठिकाणांमधल्या जमिनीने: खाचरं, कुंपणं, हायवे, पाणी. म्हणून या नोंदीत लेण्यांबद्दल कमी आणि मधल्या वाटेबद्दल जास्त आहे.

टप्पा १, कोंडाणे ते उधेवाडी (राजमाचीवरचं गाव). लेण्यापर्यंत मळलेली वाट आहे, कोंदिवड्यातून निवांत तासभर. चैत्याच्या (बौद्ध प्रार्थनागृहाच्या) दर्शनी भागावर मूर्तीच्या अवशेषाजवळ ‘कान्हाचा शिष्य बलक’ याने केल्याचा ब्राह्मी लेख आहे. तो पाहायला छोटी विजेरी तिरकी धरा, समोरून उजेड मारला तर अक्षरं सपाट दिसतात. लेण्यापासून उधेवाडीची चढण अडीच-तीन तासांची, अंगावर येणारी. पावसाळ्यात लेण्याच्या माथ्यावरून धबधबा कोसळतो आणि वाटेच्या कातळावर शेवाळ धरतं, त्यामुळे हा टप्पा जून ते सप्टेंबर बंदच धरलाय. फाईलच्या नावातच ‘नोव्हेंबर–मार्च’ असं घातलं आहे, कारण वर्णनात लिहिलेलं कुणी वाचत नाही.

टप्पा २, उधेवाडी ते लोणावळा. सुमारे १६ किलोमीटर, तुंगार्लीपर्यंत रुंद कच्चा रस्ता. चुकायला जागा नाही आणि विशेष लिहायलाही काही नाही. भर उन्हात सावली कमी मिळते, पाणी उधेवाडीतच भरून घ्यावं: थंडीत माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार.

टप्पा ३ मध्ये पहिला घोळ उजेडाचा होता. कार्ले आणि भाजे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, बेडसे पूर्वेकडे. म्हणजे पहिल्या दोन्हीकडे दुपारनंतर उजेड आत शिरतो आणि बेडशाला सकाळी. आधीच्या आखणीत बेडसे दुपारी तीनला येत होतं. त्या वेळी व्हरांड्यातल्या खांबांवरच्या प्राणी-स्वारांच्या जोड्या सावलीत बुडालेल्या असतात आणि फोटो राखाडी येतात. नवं वेळापत्रक असं बसवलं: कार्ल्याच्या पायथ्याच्या वेहेरगावात सकाळी पोहोचून कार्ले उघडल्याबरोबर पाहायचं, मळवलीमार्गे तीनच्या आत भाजे, चारला गायमुख खिंडीकडे निघून मुक्काम लोहगडवाडीत. दुसऱ्या दिवशी सहाला निघालं की दहा-अकरापर्यंत बेडसे गाठता येतं. यात कार्ल्याच्या उजेडाचा बळी जातो. पण तिथला चैत्य सुमारे ४५ मीटर लांब, देशातला सर्वांत मोठा. आत गेल्यावर डोळ्यांना दहा मिनिटं दिली की छताच्या मूळ लाकडी फासळ्या सकाळीही दिसतात. भाज्याला मात्र उजेड हवाच. १९ व्या लेण्याच्या व्हरांड्यातलं सूर्य आणि इंद्राचं शिल्प उथळ आहे, दुपारच्या तिरप्या उन्हाशिवाय ते उठून येत नाही.

कुणीतरी विचारलं होतं की भाजे आधी आणि कार्ले नंतर का नाही, कारण काळाच्या क्रमाने भाजे जुनं, इसवी सनापूर्वीचं, आणि कार्ले बरंच नंतर पुरं झालेलं. खरं आहे. भाज्याच्या चैत्यातले आत कललेले खांब लाकडी बांधकामाची सरळ नक्कल आहेत, आणि ते पाहून कार्ल्यात गेलं की प्रवास कळतो. पण त्यासाठी मळवलीहून दरी दोनदा ओलांडावी लागते आणि पूर्ण अर्धा दिवस जातो. डोंगररांगेचा क्रम धरला, काळाचा सोडला.

कार्ले ते भाजे हा तुकडा नकाशावर बिचारा दिसतो, प्रत्यक्षात सगळ्यांत त्रासाचा. जुना मुंबई–पुणे रस्ता, इंद्रायणी, रेल्वे आणि द्रुतगती मार्ग, चारही एकामागोमाग ओलांडायचे. पायी माणसाने कार्ला फाट्यावरून मळवली स्थानकाकडे जाणारा गावरस्ता आणि पुढे द्रुतगती मार्गावरचा पूल हेच धरावं. जुन्या ट्रॅकमध्ये जवळची म्हणून रुळांच्या कडेची वाट होती, ती काढली. रुळांवरून चालणं गुन्हा आहे आणि आपल्या फाईलवर विश्वास ठेवून कुणी तिथे गेलं तर जबाबदारी आपली.

टप्पा ४, भाजे–गायमुख खिंड–लोहगडवाडी–भातराशी डोंगराची सोंड–बेडसे. खिंडीपर्यंत चिंता नाही. २०२५ मध्ये लोहगडाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाल्यापासून शनिवार-रविवारी लोहगडवाडीत पाय ठेवायला जागा नसते. मुक्काम मधल्या वारी ठेवा. खिंडीच्या पुढे पूर्वेला खरी कसोटी. इथे तीन गोष्टींनी फसवलं.

पहिली, ढोरवाटा. सोंडेवर मुख्य वाटेपेक्षा गुरांनी पाडलेली वाट रुंद आणि मऊ असते. ती एकाच उंचीवरून जाते, वीस मिनिटं सुखाने चालवते आणि गवताच्या टप्प्यावर संपते. खूण फाट्यावर नको, फाट्याच्या पुढे पंधरा-वीस पावलांवर हवी, म्हणजे ती दिसली नाही तर चुकल्याचं लगेच कळतं.

दुसरी, समोच्च (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषा. सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० नकाशावर त्या २० मीटरने असतात. पंधरा मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये अख्खा लपतो. घरी बसून आखलेली ‘सोपी उतरण’ दोन ठिकाणी कड्यावर येऊन थांबली. सह्याद्रीत नकाशावरून आखलेला उतार म्हणजे अंदाज. चालून पाहिल्याशिवाय फाईलमध्ये घालू नये.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, भातखाचरं. फेब्रुवारीत घेतलेला ट्रॅक कापणी झालेल्या खाचरांतून सरळ जातो. तोच ऑक्टोबरमध्ये उभ्या पिकातून जातो, आणि शेतकऱ्याने हटकलं तर त्याचं बरोबर असतं. आता पायथ्याच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन फाईली आहेत: ‘सुगीनंतर’ आणि ‘पिकात’. दुसरी गाडीवाटेने फिरून जाते, थोडी लांब पडते. बांधावरून चालायचं तरी एका ओळीत. ओला बांध चार-पाच माणसांनी खचतो. पवनेच्या बाजूला नवीन तारकुंपणं दर मोसमात सरकतात, त्यामुळे त्या भागातला ट्रॅक वर्षाच्या वर जुना असेल तर वापरू नका.

बेडशाला तिकीट नाही, कार्ले आणि भाज्याला आहे. पाण्याच्या पोढ्या तिन्हीकडे आहेत (पोढी म्हणजे कातळात खोदलेलं टाकं, हा शब्द लेण्यांतल्या दानलेखांतलाच), पण त्यातलं पाणी पिण्याच्या हिशोबात धरू नका आणि बाटली बुडवू नका. कमानीखाली आग्या मोहोळ असेल तर आवाज, धूर, अत्तर काहीच नको. मोहोळ उठलं तर लेण्याच्या आत पळू नये, अडकायला होतं.

खुणांचा प्रश्न. संरक्षित स्मारकाच्या दगडावर रंगाचा ठिपकासुद्धा नाही. स्मारक विद्रूप करण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, आणि स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असल्याने खांब पुरून पाटी लावणंही परवानगीशिवाय नको. त्यामुळे लेण्याच्या ३०० मीटर आधी शेवटची खूण. बाकी ठिकाणी ५ बाय १० सेंटिमीटरचा पट्टा, एनॅमल रंग, कोरड्या आणि तारेच्या ब्रशने घासलेल्या दगडावर दोन हात. शेवाळावर मारलेला रंग पहिल्या पावसात पापुद्र्यासारखा सुटतो.

रंग ठरवायला दगड घासण्यापेक्षा जास्त वेळ लागला. भगवा, निळा, हिरवा यांतला कुठलाही घ्या, कुणीतरी विचारणार की वाट कुणाची. राजमाचीकडे पांढरे बाण आधीच आहेत. शेवटी पिवळा उरला. त्यात खंडोबाचा भंडारा कुणाला दिसला तरी हरकत कुणाची नाही. चिन्ह म्हणून चैत्यकमान सुचवली होती, पाऊल सुचवलं होतं. कमान एका बाजूची वाटते आणि पावलाच्या पादुका व्हायला वेळ लागत नाही. म्हणून नुसता पट्टा आणि आकडा. पाटीवर मात्र नावं दोन्ही: ‘कार्ले लेणी’ आणि ‘एकवीरा आई’. तिथे येणाऱ्या कोळी-आगरी कुटुंबांसाठी दुसरं नाव पहिलं आहे.

टप्पा ५, कामशेत ते घोरावडेश्वर, काढला. हायवेच्या कडेने वीसेक किलोमीटर चालणं धोक्याचं आणि निरस आहे. वारीत लोक हायवेनेच चालतात हे खरं, पण तिथे दिंडीसाठी वाहतूक थांबवलेली असते. एकट्यादुकट्यासाठी कोण थांबवणार? बेडशाहून कामशेतला या, लोकलने बेगडेवाडीला उतरा. दुपारी लोकल विरळ असतात, वेळ पाहून निघा. सलग रेषा तुटली म्हणून काहींना खटकलं, पण तुटलेली रेषा चालेल, माणूस नको.

शिवाय जोडणी दगडात आहेच. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या दात्यांची नावं पुन्हापुन्हा येतात, त्यांत यवनही (ग्रीक) आहेत. शेलारवाडीच्या, म्हणजे घोरावडेश्वराच्या लेण्यातला दानलेख त्याच धेनुकाकटच्या एका शेतकरी कुटुंबातल्या बाईचा आहे. धेनुकाकट नेमकं कुठे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्या लेण्यात आज शिवलिंग आहे, महाशिवरात्रीला डोंगर माणसांनी भरतो, आणि तुकोबांच्या एकांताच्या तीन डोंगरांत भंडारा आणि भामचंद्रासोबत याचंही नाव घेतलं जातं.

इथून देहूकडे जाताना देहूरोडचं बुद्ध विहार चुकवू नका. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आधीच्या फाईलमध्ये हे ठिकाण नव्हतं, ही मोठीच चूक होती. या भागात लष्करी हद्द आहे: डांबरी रस्ता सोडायचा नाही, कुंपणाचे फोटो नाहीत, आणि ट्रॅकमधली ‘जवळची’ वाट सगळ्यांनी पुसून टाका.

देहूला जाताना टाळायच्या तारखा: फाल्गुन वद्य द्वितीया (बीज) आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीचं पालखी प्रस्थान. त्या दिवसांत मुक्कामाला जागा मिळत नाही. कार्ल्याला चैत्रातली एकवीरेची जत्रा तशीच.

टप्पा ६, देहू–भंडारा–भामचंद्र. इंद्रायणी ओलांडून भंडाऱ्यापर्यंत वाट पक्की. मंदिर पाहून परतू नका, डोंगरात जुनी लेणीही कोरलेली आहेत. पुढे मात्र तळेगाव–चाकण रस्ता आडवा येतो, दिवसरात्र कंटेनर, आणि त्यापलीकडे कारखान्यांच्या भिंती. ओलांडायची एकच जागा सध्या बरी वाटते, तीही सकाळी सातच्या आत. रस्त्यापासून भामचंद्राच्या पायथ्यापर्यंत दोन पर्याय चालून पाहिले. एक कंपनीच्या फाटकावर संपतो, दुसरा ओढ्यातून जातो आणि पावसाळ्यानंतर बरेच दिवस चिखलात असतो.

ओपनस्ट्रीटमॅपवर टप्पा १ ते ४ चं रिलेशन (वाटेचे तुकडे एका मार्गात जोडणारी नोंद) चढवलं आहे. मराठी नावं वेगळ्या रकान्यात भरली आहेत, आणि पाण्याच्या जागांना ‘हंगामी’ असा शेरा आहे. संपादन करताना रस्त्याचा तुकडा कापला तर रिलेशनमध्ये फट पडते, कापल्यावर सलगता तपासा. कड्याखाली आणि लेण्यात जीपीएस तीस-चाळीस मीटर भरकटतं. ते बिंदू हाताने काढून मग फाईल चढवा. नोंदीचा अंतराल पाच सेकंद पुरे.

भंडारा ते भामचंद्र मधला कुणाकडे चाललेला ट्रॅक असेल तर महिना लिहून पाठवा. महिन्याशिवाय आलेली फाईल जोडली जाणार नाही.