कोचची वही: विदर्भाची पानं एकदाची पूर्ण झाली

मंडळी, दिवाळीपासून अडकलेली विदर्भाची पानं काल रात्री संपवली, दीडपर्यंत जागलो पण आनंद वाटला. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो, मी रणजी फायनलची स्कोअरकार्डं हाताने वहीत उतरवतो आणि शेजारी तीन जादा रकाने आखतो, कोच कोण, कॅप्टन कोण, आणि अकरापैकी किती जण आधीच्या फायनलमधले. टीमचं वातावरण, कोचचा हात वगैरे आपण सगळे बोलतो, पण ते कागदावर कुठे दिसतं का हे मला बघायचंय.

सुरुवात इंदूरपासून, होळकर स्टेडियम, विदर्भ विरुद्ध दिल्ली, २०१७-१८. कोच चंदू पंडित, कॅप्टन फैज फजल. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतंय आणि ही त्यांची पहिली फायनल! दिल्लीच्या डावात विदर्भाचा बॉलर रजनीश गुरबानीची हॅटट्रिक आहे, ती उतरवताना मजा आली कारण ती एका ओव्हरमध्ये नाहीये. विकास मिश्रा आणि नवदीप सैनी ओव्हरच्या शेवटच्या दोन बॉलवर गेले, मग पलीकडून दुसऱ्याची ओव्हर, आणि मग गुरबानीच्या पुढच्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलवर १४५ वर खेळणारा ध्रुव शोरी. म्हणजे वहीत दोन लाल खुणा एका चौकटीच्या टोकाला आणि तिसरी पुढच्या चौकटीच्या तोंडाशी, पेन्सिलने कंस काढून जोडल्या तेव्हा कुठे हॅटट्रिक दिसायला लागली. दिल्ली २९५, विदर्भ ५४७ (अक्षय वाडकर १३३, त्याचं पहिलं फर्स्ट क्लास शतक), ९ विकेटने जिंकले.

पण माझं बोट थांबलं ते आदित्य ठाकरेच्या नावावर. उमेश यादव फायनलला नव्हता आणि त्याच्यासारख्या बॉलरची उणीव असताना पहिलीच फर्स्ट क्लास मॅच खेळणारा पोरगा थेट फायनलला उतरवला. सेमीफायनल ईडनवर कर्नाटकशी फक्त ५ रनांनी जिंकलेली टीम, कोणीही अनुभवी नाव शोधलं असतं. पंडित सरांची शिस्त, शिट्टी, कडक बोलणं यावर लोक खूप लिहितात, मला मात्र हा निर्णय जास्त मोठा वाटतो. शिस्त लावलेल्या पोरावर वेळ आली की विश्वास टाकायचा, त्याशिवाय त्या शिस्तीला अर्थ काय?

पुढच्या वर्षी परत तेच, नागपूरला जामठ्याला सौराष्ट्र ७८ रनांनी हरले, आदित्य सरवटेने ११ विकेट घेतल्या आणि त्यात पुजारा दोन्ही डावांत, १ आणि ०. हे पान पटकन झालं.

मग पंडित मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ मध्ये बंगळुरूला चिन्नास्वामीवर मुंबईला हरवून त्यांनाही पहिल्यांदा रणजी जिंकून दिली. त्याच ग्राउंडवर १९९८-९९ ची फायनल ते एमपीचे कॅप्टन म्हणून कर्नाटकाकडून हरले होते, दोन्ही पानं मी समोरासमोर लावलीत. पंडित आयपीएलमध्ये केकेआरचे (कोलकाता नाइट रायडर्स) पण कोच होते, ते पान वेगळं ठेवलंय, तिथे परदेशी खेळाडूंना त्यांची ही कडक पद्धत जड गेली असं त्या टीममधल्याच डेव्हिड विझाने नंतर बोलून दाखवलं, तरी २०२४ ला ट्रॉफी आलीच, पण तिथे मेंटॉर गंभीरही होता त्यामुळे श्रेय कोणाच्या रकान्यात लिहायचं ते ठरत नाही. दोन महिन्यांची आयपीएल आणि वर्षभर एकत्र राबणारी रणजी टीम, दोन्हीला एकच माप लावणं मला पटत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते. २०२४-२५, परत जामठा, विदर्भ विरुद्ध केरळ. कोच उस्मान घनी, कॅप्टन अक्षय वाडकर. तिसरा रकाना भरायला इंदूरचं पान शेजारी ठेवलं आणि नावं जुळवत गेलो, अकरापैकी एक. फक्त वाडकर! फजल नाही, जाफर नाही, गणेश सतीश नाही, गुरबानी नाही. दोनदा मोजलं. आणि शोरी, ज्याच्या दांड्या उडवून हॅटट्रिक पूर्ण झाली तो आता विदर्भाकडून खेळतोय, तर सरवटे समोर केरळकडून उभा, त्याने ७९ काढले विदर्भाविरुद्ध. दोघांच्या नावापासून बाण काढलेत, एक आत येणारा हिरवा, एक बाहेर जाणारा निळा.

कोच बदलला, दहा माणसं बदलली, मधे २०२३-२४ ची फायनल वानखेडेला मुंबईकडून १६९ रनांनी हरले (तिथेही चौथ्या डावात वाडकरचे १०२ आहेत बरं का), आणि तरी परत चॅम्पियन. हर्ष दुबे ६९ विकेट, एका सीझनचा रेकॉर्ड. म्हणून मी आता कोचच्या रकान्यापुढे आणखी एक बारीक रकाना आखलाय, "गेल्यावर काय उरलं". पंडित सरांसमोर तिथे वाडकरचं नाव लिहिलंय, दुसरं काही लिहावंसं वाटलं नाही.

पुढचं पान अमोल मुजुमदारचं. २०२२ च्या त्या फायनलमध्ये समोरच्या मुंबईचा कोच तोच होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हाही तोच. साखळीतल्या लागोपाठ तीन हरलेल्या मॅच आधी उतरवतोय, साउथ आफ्रिकेची झाली, ऑस्ट्रेलियाची अर्धी झालीये.