बारा महिन्यांचं कोडं: फाल्गुन गेला, शिमगा आला

डावा खालचा कोपरा एकदाचा सुटला! मराठी बारा महिन्यांच्या नावांचं शब्दकोडं रचतोय, म्हणजे नावाच्या प्रत्येक अक्षरातून जाणारा एकेक उभा शब्द हवा. अकरा महिन्यांची नावं आधीच बसली होती. मार्गशीर्षाची धास्ती होती, पण रफार असूनही तो गरीब गाय निघाला: र्ग-ला 'निसर्ग', र्ष-ला 'वर्ष'. आश्विनातल्या श्वि-ला 'वैश्विक' सुचला तेव्हा तर मी स्वतःलाच स्पेशल चहा पाजला. ('अश्विनी' आयती होती, पण महिन्याचं नाव त्याच नक्षत्रावरून. एका कोड्यात दोघं म्हणजे वशिलेबाजी.)

अडला तो फाल्गुन. फा-खाली 'फासे', न-वर 'पान', दोन्ही मजेत. मधला ल्गु मात्र हटायला तयार नाही. 'फाल्गुनी' म्हणजे पुन्हा तोच शब्द. गयेची 'फल्गू' नदी आठवली, पण 1962 च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे शेवटचा उकार दीर्घ, म्हणजे ल्गू. महिना ऱ्हस्व, नदी दीर्घ! बरेच जण कोड्यात ऱ्हस्व-दीर्घ एकच धरतात. मला ते पटत नाही. 'ती होडी जाडी होती' उलटं वाचून चोख उतरतं, तिथे 'तो कवी डालडा विकतो'ला मी निम्मेच गुण देतो, वी आणि वि-मुळे.

शब्दकोशांची मदत शून्य. ते पहिल्या अक्षरावरून लावलेले, आपल्याला हवं मधलं. इंग्रजीसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर तर ल्गु-ला चार चौकोन देतं: ल, हलन्त, ग, उकार. शाळेची चौकटीची वही आणि खोडरबर, याला तोड नाही.

ल्गु-ला नुसताच आडव्या शब्दात सोडून द्यावं, या विचारात होतो, तेवढ्यात शिमगा आठवला. तीनच अक्षरं! 'फासे'चे 'शिसे' झाले, 'पान'ची 'पागा', आणि वरच्या आडव्या 'सोपा'तल्या सो-खाली म येऊन फुकटात 'सोम' मिळाला. 'सोपा' वाचला याचा जास्त आनंद, कारण त्याचं सूत्र, म्हणजे शब्द ओळखायची खूण, माझं लाडकं आहे: 'जुन्या घरातला हा भाग मुळीच अवघड नाही (2)'.

आता बारा महिन्यांचा हट्ट सोडावाच म्हणतो. सगळेच सण घेतले तर? पोळ्याला 'श्रावणातला सण' असं सूत्र देता येणार नाही. काही भागांत तो भाद्रपदी अमावस्येला असतो, लगेच भांडण. हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं: भोंडला! गाणी संपली की डबा कानाशी धरून हलवायचा आणि आतली खिरापत ओळखायची. तसंच कोड्यातले पाच रंगीत चौकोन जोडून 'वाटली डाळ' काढायची. वा-ला पाडवा, ट-ला हत्ती काढायचा पाट, डा-ला चिवडा, ळ-ला फराळ. ली-ला फक्त 'भातुकली' सापडतेय आणि ती काही सणात मोडत नाही. कुणाकडे ली-वाला सणासुदीचा शब्द असेल तर द्या, तोवर जाळी पेन्सिलीतच ठेवतो.