मोआबच्या खडकांसाठी टायर निवडताना

मोआबची माउंटन बाइकची, म्हणजे डोंगरवाटांवरच्या सायकलींची, ट्रिप ठरली आणि राहायचं कुठे, सायकली वर नेणारी शटल कधीची, कुठल्या दिवशी कुठला ट्रेल हे सगळं एका संध्याकाळी उरकलं, पण टायर कुठला लावायचा यावरची चर्चा मात्र निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू होती, आणि मला विचाराल तर ते बरोबरच होतं. अनोळखी ट्रेलवर जाताना बाइक तीच, सस्पेन्शन तेच, चालवणारे आपणही तेच. जमिनीला टेकणारी वस्तू एकच, आणि बॅग भरता भरता बदलता येते तीही तेवढीच.

मोआब म्हणजे अमेरिकेत युटा राज्यातलं वाळवंटातलं छोटं गाव. कोलोरॅडो नदीच्या जवळ, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटरवर, पूर्वेला ला सालचे डोंगर आणि बाकी बघावं तिकडे लाल खडक. माउंटन बाइक चालवणाऱ्यांनी या गावाचं नाव ऐकलेलं नसेल असं होत नाही.

आमची सगळ्यांची सवय मातीच्या ट्रेलची. माती, मुळं, पालापाचोळा, पाऊस पडला की चिखल. तिथे आपण टायरची नक्षी बघतो, नॉब म्हणजे रबराचे उंचवटे किती उंच आहेत, मध्ये जागा किती सोडलीय, चिखल झटकला जातो का नाही, झालं. खडकावर हे सगळं मागे पडतं कारण नॉब कितीही टोकदार असला तरी खडकात घुसत नाही. तिथे पकड मिळते ती रबर किती मऊ आहे आणि टायर खडकावर किती पसरून बसतो यावर, आणि टायर संध्याकाळपर्यंत टिकतो का नाही हे ठरतं केसिंगवर, म्हणजे रबराच्या आत धाग्यांचं जे कापड असतं त्यावर. म्हणून माझा क्रम पक्का आहे, आधी केसिंग, मग रबर, मग रुंदी आणि नक्षी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमके उलटे जातात.

ट्रेल न बघता केसिंग कसं ठरवायचं? मी त्या ट्रेलचे हेल्मेट कॅमेऱ्याचे व्हिडिओ स्लो करून बघते. चालवणारा किती भारी आहे ते नाही बघायचं, खडकाच्या कडा बघायच्या. गोलसर, झिजलेले दगड असतील तर मध्यम केसिंग चालतं. पायऱ्यांसारख्या चौकोनी कडा असतील, आणि मागचं चाक त्यावर धाडकन आपटल्याचा आवाज येत असेल, तर जाड केसिंग, त्यावर वाद नको. मोआबच्या व्हिडिओत दोन्ही दिसत होतं. स्लिकरॉक ट्रेलवर गुळगुळीत लाटांसारखा सलग खडक, आणि पॉर्क्युपाइन रिमवर एकामागून एक कडा, काही गुडघ्याएवढ्या.

शेवटी मी पुढच्या चाकाला मॅक्सिस कंपनीचा असेगाई लावला, २.५ इंच, एक्सो प्लस म्हणजे मध्यम केसिंग, रबर मॅक्सग्रिप म्हणजे त्यांचं सगळ्यात मऊ. हा टायर डाउनहिलचा, म्हणजे उतारावरच्या सायकल शर्यतींचा, वर्ल्ड चॅम्पियन ग्रेग मिनार याच्याबरोबर बनवलेला आहे आणि वळताना कडेचे नॉब ज्या खात्रीने धरतात ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. मागे मिनियन डीएचआर टू, २.४ इंच, डबलडाउन केसिंग, रबर मॅक्सटेरा, म्हणजे त्याहून थोडं कडक. डबलडाउन म्हणजे केसिंगचे दोन थर, त्यांच्या साध्या, हलक्या एक्सो केसिंगपेक्षा टायर दोनशे ग्रॅमच्या वर जड होतो आणि चढावर ते जाणवतं, खोटं कशाला बोलू. पण मागच्या चाकावर वजन जास्त, पुढचं चाक आपण हँडल उचलून कडेवरून नेतो आणि मागचं बिचारं सरळ येऊन आपटतं. म्हणून जाड केसिंग मागे आणि मऊ रबर पुढे. मऊ रबर मागे लावलं तर पेडल जड जातं आणि झिजतंही पटकन.

रुंदीबद्दल एकच सांगते, टायर घ्यायच्या आधी रिमची आतली रुंदी मोजा. २.४ आणि २.५ चे हे टायर ३० ते ३५ मिलिमीटरच्या रिमसाठी बनवलेत. रिम अरुंद असेल तर टायर वर गोल फुगतो आणि कमी हवेत वळताना खालून वळवळतो, खडकावर ती वळवळ नको वाटते.

पहिला दिवस सँड फ्लॅट्समधला स्लिकरॉक ट्रेल. हा ट्रेल १९६९ मध्ये मोटरसायकलवाल्यांनी आखला, माउंटन बाइक त्यानंतर आल्या. खडकावर पांढऱ्या रंगाच्या तुटक रेषा मारलेल्या आहेत, त्या धरून जायचं, पंधरा-सोळा किलोमीटरचा लूप आहे पण चढ-उतार असे की दम निघतो. आणि ती पकड! हा वालुकाश्म म्हणजे जमिनीवर अंथरलेला सँडपेपर. इतका उभा चढ की आपल्याकडच्या मातीवर मी उतरून बाइक ढकलली असती, तिथे टायर सुटतच नव्हता, पाय संपत होते पण टायर नाही. इथे हवेचा दाब पुढे २० आणि मागे २३ पीएसआय ठेवला होता, माझं वजन ६२ किलो. कोणाचं वजन ऐंशीच्या पुढे असेल तर हे आकडे उचलू नका, दोन-चार पीएसआय वाढवून सुरू करा आणि मग एकेक कमी करत या. आणि दाब मोजायचं गेज डिजिटल घ्या, मोठ्या पंपावरचा काटा वीसच्या आसपास भरवशाचा नसतो. खडकावर एका पीएसआयने सुद्धा फरक पडतो हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

खडकाच्या दोन लाटांमध्ये मऊ वाळूचे खड्डे येतात, तिथे रुंद टायर कामाला येतो. ट्रेलच्या बाजूला काळपट, खडबडीत पापुद्र्यासारखी माती दिसते, ती जिवंत आहे, त्यात सूक्ष्मजीव आणि शेवाळं असतात आणि एकदा चाक गेलं की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. त्यामुळे वाळू टाळायची म्हणून बाजूने चाक घालायचं नाही म्हणजे नाही.

मग होल एनचिलाडा, म्हणजे एकाला एक जोडलेले ट्रेल, त्यातला शेवटचा पॉर्क्युपाइन रिम. या ट्रिपचं सगळं लक्ष त्या दिवसावर होतं. शटल ला सालच्या डोंगरात सोडते, बरो पासची उंची ११,२०० फूट, आणि तिथून थेट खाली कोलोरॅडो नदीपर्यंत, सात हजार फुटांहून जास्त उतार. वर थंडी, झाडी, काळी माती, आणि खाली वाळवंट. एकाच टायरने हे सगळं करायचं. आणि इथे हवेचा एक हिशोब आहे जो फार कोणी बोलत नाही. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, गावाच्या मानाने जवळजवळ तीन पीएसआय कमी. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं, म्हणजे गावात भरलेला टायर वर गेल्यावर गेजवर जास्त दाखवतो, थंडीमुळे त्यातला थोडा कमी होतो तरी माझा २३ चा मागचा टायर २५ च्या जवळ दाखवत होता. वर आलेले बरेच जण टायर दाबून बघतात, कडक वाटतो, हवा सोडतात. ऊन तापलं तर खाली पोचेपर्यंत टायर गरम होऊन ती भरपाई होते, पण दिवस ढगाळ राहिला तर अगदी वाईट कडा येतात तेव्हा तुमच्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय कमी असतात. मी वर हवेला हातच लावला नाही. हवा खालच्या खडकासाठी भरायची, वरच्या मातीसाठी नाही.

पॉर्क्युपाइन रिमवर आमच्यातल्या एकाचा मागचा टायर गेला. त्याने मागे हलकं केसिंग ठेवलं होतं, चढ लक्षात घेऊन. कड चौकोनी, वेग चांगला, धप्प असा आवाज आणि लगेच साइडवॉलमधून, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीतून, पांढऱ्या सीलंटची पिचकारी. आमचे टायर ट्यूबलेस, आत ट्यूबऐवजी हे भोकं बुजवणारं द्रव असतं. चाक फिरवून कापलेली जागा खाली आणली, सीलंट जमेल म्हणून थांबलो, नाही जमलं. प्लग, म्हणजे भोकात कोंबायची रबराची पट्टी, घातला, तो आत खेचला गेला. नखाएवढा काप, रिमच्या अगदी जवळ, तिथे केसिंग वळत राहतं म्हणून प्लग धरतच नाही. मग टायर उघडला. आधी आतून बोट फिरवून सराट्याचे काटे काढले, चांगले पाच-सहा होते, सीलंटने ते एवढे दिवस गुपचूप बुजवून ठेवलेले आणि तसेच ठेवून ट्यूब घातली असती तर दोन मिनिटांत पंक्चर. ट्यूबसाठी टायरचा व्हॉल्व्ह काढायचा तर त्याची रिंग इतकी घट्ट की पक्कड लागली, म्हणून घरूनच ती हाताने सुटेल एवढी ठेवून निघा. आतलं सीलंट पुसून कोरडं केलं, कापावर आतून जुन्या टायरचा कापलेला तुकडा लावला, ट्यूब घातली, हवा नेहमीपेक्षा जास्त भरली कारण ट्यूब कमी हवेत रिम आणि दगडामध्ये चिमटते आणि सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. उरलेला ट्रेल त्याने हळू केला पण केला, खाली नदीकाठच्या १२८ नंबरच्या हायवेपर्यंत.

ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब, प्लग, टायरचा तुकडा आणि हातपंप हे सोबत हवंच. हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका, एकदा वापरलं की संपलं. निघायच्या आधी सीलंट नवीन भरा, कोरड्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत सुकतं आणि टायर हलवल्यावर आतून आवाज येत नसेल तर समजायचं आत काही नाही. फोमचे इन्सर्ट, म्हणजे रिम वाचवायला टायरच्या आत बसवायच्या फोमच्या कड्या, आमच्यात एकीने लावले होते आणि ती खूश होती, रिमला एकही ठोकर नाही. माझ्या वजनाला डबलडाउन पुरलं. वजन जास्त असेल किंवा वेगाने उतरायची आवड असेल तर इन्सर्ट जरूर लावा, फक्त ट्रेलवर टायर उघडायची वेळ आली तर हात आणि कपडे दोन्ही सीलंटने माखतात आणि तो फोम पाठीवर बांधून आणावा लागतो.

परत आल्यावर टायर काढून धुतले, उजेडात धरून बघितले. मागच्या डबलडाउनच्या साइडवॉलवर खरचटल्याचे पट्टे आहेत, एका ठिकाणी वरचं रबर सोलून निघालंय पण आतले धागे शाबूत आहेत, तो अजून बराच चालेल. पुढच्या असेगाईचे कडेचे नॉब मुळाशी फाटायला लागलेत, मऊ रबर आणि त्यात सलग वालुकाश्म म्हटल्यावर ते होणारच. तो बदलणार, आणि पुढे परत मॅक्सग्रिपच.